डोळे फिरवणारा कुत्रा

चाकण, रविवार, ९ फेब्रुवारी २०२५
सकाळचे अकरा. घड्याळ पुसत होतो.

ती. सोजरआत्यास,
धम्मपालचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

मी जुनी जर्मन घड्याळे जमवतो हे तुला माहीतच आहे. बाहुल्यांची, पाखरांची अशी पाच होती. एक जर्मन साहेब मायदेशी परतले, त्यांचे सामान कुदळवाडीच्या भंगारात आले आणि मला सहावे मिळाले: लाकडी कुत्रा. काटे नाहीत. डावे बुबुळ फिरून तास दाखवते, उजवे मिनिटे. सहांत हाच माझा लाडका.

काळजी अशी, की २ मार्चला रावेतहून नेहाचे वडील ज्ञानदेवराव तिला घेऊन घर बघायला येणार आहेत. नेहा कंपनीत माझ्याच लाइनवर आहे. आमचे ठरले आहे, फक्त त्यांचा होकार बाकी. आणि आत्या, ते जन्मापासून तिरळे आहेत. कुत्राही दिवसभर तिरळाच बघतो. त्यांना वाटायचे, पोराने मुद्दाम समोर ठेवलाय. खोलीतला जोडीदार बंटी म्हणतो की भावा, कुत्र्याला गॉगल घाल. मला झोप नाही. काय करू?

लोभ आहेच, आता सल्लाही असू दे.
तुझा,
धम्मपाल

उदगीर, १७ फेब्रुवारी

चि. धम्मपालास,
आत्याचा आशीर्वाद आणि जयभीम. पत्र दोनदा वाचलं, दोनदा हसले. आरं, त्या माणसाला आपला डोळा ठाऊक न्हाई व्हय? आमचे हे, म्हंजी तुझे मामा, लंगडतात हे मला बघायला आले तवा कुणी सांगितलं न्हाई. घरच्यांनी त्यांना नुसतं बसवून ठेवलं. पाय मी लग्नातच माफ केला, ते बसवून ठेवणं अजून केलं न्हाई. घरात हाय ते दिसू दे. आणि जेवत जा.
तुझी काळजी नसलेली,
सोजरआत्या

चाकण, सोमवार, ३ मार्च, संध्याकाळी सात

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि. तुझे अर्धेच ऐकले. कुत्रा झाकला नाही, पण पाच सत्तावीसवर बंद करून ठेवला. तेव्हा दोन्ही बुबुळे एकाच बाजूला असतात.

काल पाहुणे सव्वासहाला आले. ज्ञानदेवराव चहा घेताना कुत्र्याकडेच बघत होते. हे बंद का, म्हणून विचारले. मी म्हणालो, चावी संपली. बंटी खोकला. ते म्हणाले की सहांतले एकच बंद, तेही नेमके समोरचे. ज्याला हौसेची वस्तू सांभाळता येत नाही, त्याच्या भरवशावर पोरगी कशी द्यायची? नेहाने मान खाली घातली. मग मामांचे बसणे आठवले आणि खरे ते सांगून टाकले.

त्यांनी उठून स्वतः चावी भरली, मोबाइलवर बघून वेळ लावली. बुबुळे दोन दिशांना गेली. तसे त्यांनी कुत्र्याला गाल चिकटवला आणि नेहाला म्हणाले की काढ फोटो, भाऊबंद भेटलाय! मला म्हणाले की लोक माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघतात, तू तर कुत्र्यालाच सरळ केलंस. पुन्हा असला उपकार करू नकोस. हसता हसता त्यांचा चहा शर्टावर सांडला.

होकार मिळाला. पण जाताना कुत्रा काखोटीला मारला. लग्नात नेहाबरोबर परत पाठवतो म्हणाले. तोवर कोनाडा रिकामा.

तू आणि मामा लग्नाला या. मामांना कुणी बसवून ठेवणार नाही.
तुझा ऐकणारा,
धम्मपाल

ता. क. कुत्र्यावर खर्च रुपये दोन हजार दोनशे. पैकी भंगारवाल्याचे देणे चारशे. रावेतहून येणे: कुत्रा एक. दुसरे नाव हिशोबात लिहायला लाज वाटते.