दोन दिवस बांधलेली कुत्री

आबा,

काल सातवीच्या पोरांना घेऊन नळदुर्गच्या अलीकडच्या रानात गेले होते, जिथं तुम्ही मेंढरं चारायचात. अन्नजाळं शिकवायचं होतं. प्रत्येकाच्या गळ्यात एकेक चिठ्ठी अडकवली: गवत, टोळ, सरडा, ससा, लांडगा, तरस. कोण कुणाला खातं, तशी सुतळी एकाकडून दुसऱ्याकडं नेत होते. तरस झालेली मुलगी कुरकुरली, "बाई, म्या तर तरस कधी बघितलंच न्हाय." शेजारचा ससा म्हणाला, "आरशात बघ की!" हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "पण गेली कुठं समदी?"

मी सांगू लागले. लांडग्याला मारायला कुणी मेलेल्या मेंढरात विष घालतं, पण ते मेंढरू एकटा लांडगा खात नाही. तरस येतं, खोकड येतं, कावळे येतात. सांगता सांगता मला एक जुना दिवस आठवला.

मी चौथीत होते. त्या आठवड्यात लांडग्यानं दोन कोकरं नेली होती. एरवी तुम्ही "त्याला बी पोट हाय" म्हणून सोडून द्यायचात. त्या दिवशी मात्र तसं म्हणाला नाहीत; त्यातच एक मेंढी मेली होती. मेलेलं मेंढरू तुम्ही नेहमी पुरायचात. ती मेंढी मात्र ओढ्याकडं ओढत नेलीत, मला मागं येऊ दिलं नाहीत. परत येऊन राखेनं हात धुताय, पुन्हा धुताय. मग म्हणता, "दोन दिस कुत्री सोडू नगं. खरूज झालीया त्यास्नी." मी त्यांच्या गळ्यात दोर अडकवते, अंगावरून हात फिरवते. केस दाट, कातडी नितळ. कुठं होती खरूज, आबा? आणि लांडगा मागावर असताना कुठला मेंढपाळ कुत्री बांधून ठेवतो?

कदाचित मीच संशयी झाले असेन. ओढ्याकाठी मी काही मेलेलं पाहिलं नाही. पाहायला गेलेच नाही. त्याच मेंढरांवर मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, आणि तेच शिक्षण आता तुमच्याकडं बोट दाखवतंय.

त्या मुलीनं काल पुन्हा विचारलं, "इख घातलं कुणी, बाई?" पोरांशी खोटं बोलायचं नाही असं ठरवून मी मास्तरीण झाले होते. "असेल कुणीतरी," म्हणाले आणि सुतळी गुंडाळायला घेतली.

हे पान वहीतच राहील. आईला वाचून दाखवावं, असं आज दोनदा मनात आलं. ती इथंच, चुलीपुढं बसलीय. विचारलं तर ती खरं सांगेल. म्हणूनच विचारत नाही.