बाई म्हणाली, पोहोचलात

प्रिय रसेल,

मी कागद-पेन घेऊन बसले म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असशील. फोनवर तू ‘हो, हो, ऐकतोय’ म्हणतोस आणि मागून टीव्हीवरच्या क्रिकेटचा आवाज येतो. मी वाक्य संपवायच्या आत तुझं ‘बरं मग’ तयार असतं. पत्राला कुणी मधेच ‘बरं मग’ म्हणू शकत नाही. बाबांबद्दल लिहायचं आहे. ऑक्टोबरात ते हरवले आणि सापडले, एवढंच तुला ठाऊक आहे. कसे हरवले, ते तू एकदाही विचारलं नाहीस. तू विचारलंस ते एवढंच, की गाडीच्या काचेवर लावलेल्या त्या यंत्राला काही झालं नाही ना, कारण त्याची वॉरंटी अजून शिल्लक आहे.

यंत्राला काही झालेलं नाही, रसेल. ठणठणीत आहे.

रस्ता दाखवणारं यंत्र बाबांना घेऊन द्यायचं, ही कल्पना तुझीच. गेल्या उन्हाळ्यात मी तुला फोन करून सांगितलं होतं की बाबा चुकायला लागलेत. ज्या माणसाने उभा जन्म टपालाची गाडी हाकली, प्रत्येक फाटकाला कुठली कडी आणि कुठल्या नाल्याला किती वाळू हे ज्याला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं, तो माणूस वळणावर गाडी थांबवून बसायला लागला होता. मी तुला म्हटलं, जरा येऊन राहा, डॉक्टरकडे जाऊ, काहीतरी ठरवू. तू म्हणालास, “अगं ग्लेन, आजकाल यासाठी यंत्रं मिळतात. एक घेऊन देतो, प्रश्न मिटला.” प्रश्न मिटवायची तुझी घाई मला लहानपणापासून माहीत आहे. आईच्या आजारपणातही तू फुलं पाठवली होतीस. फार मोठा गुच्छ होता, आमच्याकडे तेवढी मोठी फुलदाणीसुद्धा नव्हती.

तरी मी म्हटलं, ठीक आहे, घेतोच आहेस तर नीट बघून घे. माझ्या पेट्रोल पंपावर वर्षभर मोटरसायकलवाले येतात. सिडनीहून, मेलबर्नहून, वाळवंट पाहायला. एका हातात सॉसेज रोल धरून ते तासन् तास या यंत्रांवरच वाद घालतात, त्यामुळे मला त्यातलं थोडंफार कळतं. तुला मी सांगितलं होतं, पडदा भर उन्हात दिसला पाहिजे. हातमोजा घालून दाबला तरी चाललं पाहिजे, कारण बाबांची बोटं आता हातमोज्यासारखीच जाड झाली आहेत. खडखडाटात काचेवरून निसटता कामा नये. नकाशे यंत्राच्या पोटात हवेत, कारण इथे गावाबाहेर बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला आपल्याकडचे मातीचे रस्ते माहीत हवेत. तू म्हणालास, “मोटरसायकलवाल्यांचं ते ओबडधोबड काहीतरी कशाला? दुकानदाराने मला सगळ्यात भारी मॉडेल दाखवलंय. पडदा ताटाएवढा आहे आणि आतली बाई रस्ता सांगताना इतकी गोड बोलते!”

ईस्टरला तू ते घेऊन आलास. दीड दिवस राहिलास. तुझ्या बायकोला, जोआनला, धुळीने शिंका येत होत्या, म्हणून रविवारचं जेवण झाल्या झाल्या निघालात. पण त्या दीड दिवसात तू यंत्र काचेवर बसवलंस, बाबांना शेजारी बसवून शिकवलंस आणि त्यात एक खूण करून ठेवलीस. कच्चे रस्ते टाळा. तुला वाटलं, म्हातारा माणूस आहे, डांबरावर राहिलेला बरा. ब्रिस्बेनच्या माणसाला ते शोभलंही असतं. पण तुझा पाळणा मातीच्या रस्त्याकडेला हलला, रसेल! आपल्या गावातून बाहेर पडणारे दोन सोडून सगळे रस्ते मातीचे आहेत, हे तुला मी सांगायचं?

आणि दुसरी गोष्ट. आपल्या घरात निघताना फोन करायची पद्धत होती, आठवतं? निघालो. पोहोचलो. बाबा टपाल घेऊन एका फार्मवरून निघाले की तिथली बाई पुढच्या फार्मला कळवायची, आणि चहाच्या वेळेपर्यंत गाडी दिसली नाही की पुढचे लोक शोधायला बाहेर पडायचे. विचारायचं नाही, वाट बघायची नाही, सरळ निघायचं. इकडे माणसं त्यावर जगतात. तू बाबांना म्हणालास, “आता कुणाला फोन करत बसू नका. तुम्ही कुठे आहात ते मला माझ्या फोनवर दिसतं. मी तिकडून बघत असतो.” मग माझ्याकडे वळून म्हणालास, “आणि ग्लेन, तूही सारखी त्यांच्या मागे लागू नकोस. त्यांना लहान मुलासारखं वाटतं.” मला राग आला होता, पण खोटं कशाला सांगू, थोडं हलकंही वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू काहीतरी अंगावर घेत होतास.

बाबांचं आणि त्या बाईचं सुरुवातीला अजिबात पटलं नाही. ते तिच्याशी भांडायचे. “डावीकडे? डावीकडे तुझा बाप राहतो का? तिथे नाला आहे, बये!” मी पंपावरून ऐकायची आणि हसायची. पण तू दर रविवारी फोनवर तेच सांगायचास, बाबा, स्वतःचं डोकं लावू नका, ती सांगेल तसं जा. आणि तुझं ते ऐकायचे. माझं नाही, तुझं. हळूहळू भांडण बंद झालं. एकदा मी म्हटलं, बाबा, न्हाव्याकडे जायला यंत्र कशाला लावता, रस्ता सरळच आहे. तर म्हणाले, “माझं चुकतं गं पोरी. तिचं चुकत नाही.” तेव्हा मला हसू आलं नाही.

त्या दिवशी माझ्याकडे टूरिस्टांची बस आली होती आणि सगळ्यांना एकदम चहा आणि बर्गर हवे होते. त्या गडबडीत बाबांनी काउंटरवरची जुनी वर्तमानपत्रं आणि इंजिन ऑइलच्या जाहिराती एका पिशवीत भरल्या. टपाल घेऊन बेवकडे जायचा दिवस आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. बेवचं टिंटारा फार्म म्हणजे मातीच्या रस्त्याने तासाभराची वाट. गाडी दिसली नाही तेव्हा मी तुला फोन केला. तू उचलला नाहीस. मी निरोप ठेवला, बाबा कुठे दिसतात ते बघ. थोड्या वेळाने तुझा मेसेज आला. ‘हायवेवर आहेत. मजेत.’ पुढे एक अंगठा.

हायवे म्हटल्यावर मला वाटलं, क्विल्पीला गेले असतील. तिथे त्यांचा न्हावी आहे, जुना दोस्त आहे, कधीकधी त्याच्याकडे मुक्काम करतात. आणि तू बघत होतास ना. मी भांडी घासली, पंप बंद केला आणि स्वस्थ झोपले. तुझ्या अंगठ्यावर विसंबून झोपले, रसेल.

पुढचं तुला ठाऊक नाही, ते आता वाच. त्या बाईला मातीच्या रस्त्याने जायची तू बंदी केली होतीस. म्हणून तिने बाबांना डांबरावरून नेलं. आधी दक्षिणेला, मग फेरा घालून पश्चिमेला, दिवसभर. टिंटारा केवढं आहे ते तुला माहीत आहे. घर एका टोकाला आणि मागचं कुंपण दुसऱ्या टोकाला. डांबर त्या मागच्या कुंपणाला जिथे चाटून जातं, तिथे बाईने त्यांना थांबवलं आणि सांगितलं, तुम्ही पोहोचलात. तिथे तार आहे आणि लाल माती आहे. झाड म्हणावं असं काही नाही.

बाबा उतरले. आणि त्यांनी काय केलं सांगू? कुठल्याही घरी टपाल द्यायला जाताना ते नेहमी जे करायचे तेच. डिकीतून पाण्याचा कॅन काढला, हात धुतले, तोंड धुतलं, मानेवरून पाणी घेतलं, केस ओले करून भांग पाडला. बाईमाणसाच्या दारात धुळीच्या तोंडाने जायचं नाही, हे आजोबांनी त्यांना शिकवलेलं आणि त्यांनी तुला. उरलेलं पाणी त्यांनी बूट धुवायला ओतलं. ओतायला काय हरकत? पोहोचले होते ना ते. आता बेव बाहेर येणार, चहा ठेवणार. मग पिशवी मांडीवर घेऊन ते गाडीच्या सावलीत बसले आणि कुणीतरी बाहेर येईल म्हणून वाट बघत राहिले. ती संध्याकाळ, रात्र, आणि दुसऱ्या दिवशीची दुपारसुद्धा. ऑक्टोबरच्या उन्हात. बेवला ते येतायत हेच माहीत नव्हतं, कारण निघालो म्हणून कुणी कळवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दोस्ताने फोनवर सांगितलं की बाबा त्याच्याकडे आलेच नाहीत, तेव्हा मी पुन्हा तुला फोन केला. तू म्हणालास, “थांब हं, बघतो.” मग म्हणालास, “अगं, हा ठिपका तर कालपासून एकाच जागी आहे.” रेंज संपली तिथे ठिपका थांबला होता, आणि ती जागा क्विल्पीच्या रस्त्यावर नव्हतीच. आदल्या दिवशीही नव्हती. तू नीट पाहिलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं. तू लाल दिव्याला गाडी थांबवून पाहिलं असशील, किंवा पाहिलंही नसशील. मला ते आता जाणून घ्यायचं नाही.

त्या ठिपक्याच्या दिशेने शोधत गेलेल्या, रस्त्याच्या कामावरच्या नेव्हिलला ते सापडले. ओठ फाटले होते, जीभ सुजली होती. तरी नेव्हिलला पाहून ते उठायला धडपडले आणि त्याच्यापुढे पिशवी धरली. “उशीर झाला, माफ करा,” म्हणाले. हे सांगताना नेव्हिल माझ्या काउंटरवर डोकं टेकून रडला. आणि त्याच संध्याकाळी, बाबा हॉस्पिटलात सलाइनवर असताना, तू मला फोनवर काय म्हणालास? “बघ, शेवटी यंत्रामुळेच दिशा कळली की नाही!” मी फोन ठेवला. तुला वाटलं, रेंज गेली.

मूत्रपिंडं थोडी सावरली आहेत. डोकं नाही सावरलं. ते आता सकाळी उठतात, भांग पाडतात आणि पंपासमोरच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसतात. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे आशेने बघतात. मी चहा नेऊन दिला की म्हणतात, “बाईसाहेब, घरात कुणी नाही का?” कधी ट्रकच्या मधून चालत पलीकडे जातात. मी एका हाताने पेट्रोल भरते आणि एका डोळ्याने त्यांना बघते. रात्री दार आतून बांधून झोपते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की त्यांच्यापाशी सतत कुणीतरी हवं, आणि जिथे सोय आहे अशा शहरात हवं. तुला तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा तू म्हणालास, बघू. दुसऱ्यांदा म्हणालास, जोआनशी बोलतो. तिसऱ्यांदा म्हणालास, ख्रिसमसनंतर. आणि ते नवीन मॉडेल आलंय, घड्याळासारखं हातात बांधायचं, ते पाठवू का, असंही विचारलंस.

मी थकले आहे. तुझा मला राग येतो, आणि तो आता जाणार नाही. बाबांवर माझं प्रेम आहे, पण त्यांनाही मी अधूनमधून ओरडायला लागले आहे, आणि ते मला नको आहे.

म्हणून परवा मी तुला फोन करून एवढंच सांगितलं, की गुरुवारच्या विमानाने काहीतरी पाठवतेय, स्वतः घ्यायला ये. तू खूश होऊन विचारलंस, “काय गं, अर्ध्या कोकराचं मटण का?” मी हो म्हटलं, म्हणजे तू नक्की आला असशील. हे पत्र मी बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवलंय. विमानातल्या मुलीला सांगितलंय की ते तुझ्याच हातात द्यायचं. तेव्हा तू आत्ता विमानतळावर उभा आहेस आणि ते तुझ्यासमोर उभे आहेत. वाचणं पुरे कर आणि आधी त्यांना कुठेतरी बसव. त्यांना लघवीला न्यावं लागेल, ते स्वतःहून सांगत नाहीत. गोळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत. रात्री ते घाबरून उठतात, तेव्हा दिवा लावायचा आणि हात धरून बसायचं, दुसरा उपाय नाही. ते तुला ओळखणार नाहीत कदाचित. ओळखलं तर मात्र खूप आनंद होईल त्यांना, कारण माझ्याजवळ ते रोज तुझीच चौकशी करतात. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही.

तुझीच बहीण,
ग्लेनिस