तापलेला अणू

कऱ्हाटी, मार्च १९९६

प्रिय शंभूदादा,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या प्रयोगशाळेतल्या वायूबद्दल चार पानं, आणि घराबद्दल ‘सगळे ठीक असतील’ एवढी एकच ओळ! सगळे ठीक नाहीत. वैशाखात इंदापूरला माझं लग्न आहे. नवऱ्याचा कान पिळायला माझा सख्खा भाऊ उभा राहणार नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं मी आबांना तोंडावर सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. इंदापूरची माणसं महिनाअखेरीस पत्रिकेचा मजकूर ठरवायला येतायत. आईच्या घशाखाली घास उतरत नाही.

आबांनी त्या मानासाठी रावजीकाकांच्या बिरूला सांगूनही टाकलंय. बिरू भला आहे, पण कान पिळताना तोच रडेल. आबा तुझं नाव काढत नाहीत. ज्यांनी तुझ्या शिक्षणासाठी मेंढरं विकली, त्यांना तू भर अंगणात म्हणालास, “कळपात राहायला मी मेंढरू नाही.” तेही म्हणाले, “मग जा की!” दोघंही सारखेच हट्टी. मला तुमचा दोघांचाही राग येतो दादा, आणि तुझी आठवण आली की जास्तच येतो.

डेअरीतून आले की मी तुझी पानं मोठ्याने वाचते. आईसाठी, असं म्हणायचं. आमच्या लॅबमध्ये दूध चार अंशांवर आलं की झालं. तुम्ही मात्र थंडीच्या पार तळाशी निघालात. वायू चुंबकाच्या वाटीत अधांतरी धरायचा आणि वाटीची कड हळूहळू खाली आणायची. सगळ्यात तापलेले अणू बाहेर पडतात, उरलेले आणखी गार होतात, बशीतला चहा निवतो तसे. ठरावीक तापमानाच्या वर नुसती धावपळ. त्याखाली गेलं की वायू गोठत नाही, पण त्याची अवस्थाच बदलते आणि हजारो अणू एकच असल्यासारखे वागतात. आई म्हणाली, “म्हंजी भांडणं मिटली की!” मला हसू आलं नाही. आपल्या घरात सगळ्यात तापलेला तूच होतास. तू गेलास, घर गार झालं, पण एकजीव काही झालं नाही. तूच लिहिलंयस, उरलेले फार विरळ झाले तर नुसत्या गारव्याने भागत नाही, आणि कड घाईने खाली आणली तर सगळंच हातचं जातं. मी आबांशी घाई केली का? हा विचार मला खातोय.

काल संध्याकाळी वाचत होते, तेव्हा आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आम्हाला वाटलं, डोळा लागला. मी कागदांची घडी घातली, तर तसेच पाठमोरे म्हणाले, “त्याला इचार, भाइर पडलेलं परत आत येतं का न्हाय?” आईने पदर तोंडाला लावला. म्हणून हे पत्र, दादा. तुमच्या वाटीतून गेलेला अणू परत येत नाही, हे तुझ्या पानांवरून मला कळतं. आबांना मी ते सांगितलेलं नाही. शेजारच्या फुलाबाईंकडे आता फोन आलाय, नंबर पाठीमागे लिहिलाय. मला उत्तर लिहू नकोस. आबांना फोनवर बोलावून घे आणि त्यांना सांग, की येतं. तुझं सगळं शास्त्र खोटं पडलं तरी चालेल.

तुझीच, अजून घरात असलेली,
योगिनी