न फावलेल्या गोळ्या

आई, गेल्या आठवड्यात मला डॉक्टरांनी इस्ट्रोजेन लिहून दिलं. तुझ्या वेळेसारख्या गोळ्या नाहीत, नळीतलं जेल आहे. आंघोळीनंतर दंडावर चोळायचं आणि वाळेपर्यंत बाही खाली सोडायची नाही. माझी पिशवी शाबूत आहे म्हणून जोडीला दुसऱ्या हार्मोनची एक कॅप्सूलही आहे. वर्षभर माझं काय चाललं होतं ते तुला वेगळं सांगायला नको. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मानेपासून कानापर्यंत जाळ चढायचा, मुली एकमेकींकडे बघून हसायच्या, आणि घरी आले की मीठ कमी पडलं म्हणून मी माणसांच्या अंगावर जायचे. डॉक्टर बाई आहेत, मराठीच आहेत, त्यामुळे सगळं मोकळेपणी सांगता आलं. मग त्यांनी फाईल उघडून तुझ्याबद्दल विचारायला सुरुवात केली. आईची पाळी कितव्या वर्षी गेली, हाड मोडलं होतं का, आईने हार्मोनच्या गोळ्या घेतल्या होत्या का, आणि घेतल्या असतील तर बंद का केल्या. या शेवटच्या प्रश्नाशी मी अडखळले. उत्तर दिलं, पण ते काय दिलं हे तुला सांगण्याआधी बाकीचं एकदा नीट लिहून काढते.

मी दहावीत होते. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांच्या जागी तू वर्कशॉपच्या ऑफिसात लागली होतीस. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मला नागरवाड्यात आत्याकडे ठेवलं होतं. परत आले तेव्हा प्रतापनगरच्या क्वार्टरमध्ये तू खाटेवर बसली होतीस, पोटाला पट्टा, तोंड उतरलेलं. काय झालं होतं म्हणून विचारलं तर खिडकीकडे बघत म्हणालीस, "कोथळी काढी नाखी, बीजुं कंई नथी." गुजरातेत राहूनही आपल्या घरात मराठीचा केवढा अभिमान, मी चुकून 'पाणी पीधं' म्हटलं तर तू जेवण थांबवून सुधारायचीस. पण ज्याची लाज वाटायची ते तू नेहमी गुजरातीत बोलायचीस. दुकानात माझ्यासाठी पहिली बॉडी मागितलीस तीही गुजरातीत, आणि दुकानदार आपल्यातलाच होता. 'पिशवी काढली' म्हणाली असतीस तर मला कळलं असतं, शेजारच्या दोन काकूंची काढलेली मला ठाऊक होती. कोथळी म्हणजे मला सकाळी येणारी दुधाची कोथळी. आत्या 'गाठ होती' म्हणाली होती, तेव्हा मी धरून चालले की गाठ एखाद्या कोथळीत असेल, ती काढली, बाई बरी झाली. त्यानंतर तुला कधी कावळा शिवला नाही, तू बाजूला बसली नाहीस, हेही माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, नोकरी लागल्यापासून तू ते सोडून दिलंस.

मेथीच्या डब्यामागे गोळ्यांचं पाकीट ठेवायचीस. सकाळी चहाबरोबर एक गोळी, आणि मग ओट्याजवळच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने बारीक ठिपका. दूधवाल्याच्या खाड्यांची फुली आणि तुझा ठिपका एकाच चौकोनात असायचे. सलग तीन आठवडे ठिपके, मग एक आठवडा कोरा, मग पुन्हा ठिपके. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीची मोठी बहीण अशाच गोळ्या घ्यायची, तीन आठवडे घ्यायच्या आणि एक आठवडा थांबायचं, हे ती मला कानात सांगून हसली होती. 'ती गोळ्या घेते' म्हटलं की कुठल्या, असं कोणी विचारत नाही. आणि त्याच दिवसांत तुझ्या ऑफिसातले एक गृहस्थ तुला स्कूटरवरून घरी सोडायला लागले होते. पोटाला ताण नको, सायकल चालवायची नाही, म्हणून सोडत होते. दारातच उभ्याने पाणी प्यायचे, आत कधी आले नाहीत. पण पंधरा वर्षांच्या मुलीला दोन आणि दोन मिळवायला किती वेळ लागतो? मी पाच केले.

तू ओट्यापाशी पाटावर बसून गवार मोडत होतीस. मी दिनदर्शिकेसमोर उभी होते, शाळेचा गणवेश अंगावर होता. मी म्हणाले, "बाबा नाहीत आता. मग या गोळ्या तू कोणासाठी घेतेस?" अजून मला माझा तो आवाज ऐकू येतो, थंड आणि मोठ्या बाईसारखा. तू वर बघितलं नाहीस. हातातली शेंग मोडलीस, तिचा दोरा काढून बाजूला ठेवलास, पुढची घेतलीस. मी वाट बघत होते की तू रागावशील, मला एक ठेवून देशील, निदान रडशील. सगळी गवार संपली तेव्हा तू म्हणालीस, "हातपाय धुऊन घे, पोळ्या टाकते." दुसऱ्या दिवशी चौकोनात दुधाची फुली होती, ठिपका नव्हता. स्कूटरही त्याच आठवड्यात बंद झाली. तू पोट धरून चालत ऑफिसला जायला लागलीस. मला जिंकल्यासारखं वाटलं, आई. मला वाटलं, मी घर वाचवलं.

त्याच वर्षी नवरात्राच्या आधी तू मला चणियाचोळी घ्यायला लहरीपुऱ्यात नेलंस. गेल्या वर्षीची मला आखूड झाली होती आणि मी मागितलीही नव्हती. आश्विनातलं ऊन, दुकानात माणसाला माणूस लागलेला, आणि मी आरशाच्या कामाच्या चोळ्या उलटसुलट करत बसले आहे. तुझ्याकडे बघते तर तुझा चेहरा लालबुंद, ओठावर घामाचे थेंब, ब्लाऊज पाठीला चिकटलेला. पदराने वारा घेत तू बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसतेस, भर बाजारात, पाय पसरून. दुकानदार पाण्याचा ग्लास घेऊन जातो. "बेन, आसोनी गरमी छे, बेसो थोडी वार." मला लाज वाटते. मी पुढ्यात आली ती पहिली चोळी उचलते आणि चल म्हणते. तू विचारतेस, "आवडली ना नक्की?" आणि मी मान हलवते. त्यानंतर कित्येक वर्षं तुझ्या मानेवर ओला नॅपकिन असायचा, तुझी चिडचिड व्हायची, साध्या बातम्या ऐकताना डोळ्यांतून पाणी यायचं. मी लोकांना सांगायचे, आमच्या आईचा स्वभावच तापट.

मग हाडं. पाण्याची बादली उचलताना मनगट मोडलं तेव्हा तू पन्नाशीतही नव्हतीस. पाठीला बाक आला. साडी जमिनीवर लोळायला लागली म्हणून तू नेसताना जास्त खोचायचीस आणि म्हणायचीस, हल्ली साड्यांचे पन्हेच मोठे येतात. आपण दोघी हसायचो. बासष्टाव्या वर्षी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पाय अडखळला आणि खुबा गेला. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर कागद भरत होता, मी तुझ्या उशाशी उभी होते. त्याने पाळीचं विचारलं. तू म्हणालीस, "ओगणचाळीसमे वरसे कोथळी काढी नाखी'ती. अंडाशय पण." एवढ्या लवकर काढल्यावर इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या असतील ना, त्याने विचारलं. "दीधी'ती. थोडा महिना लीधी, पछी बंध करी." "केम, बा?"

खाटेची कड माझ्या हाताला लागत होती, ती मी घट्ट धरली. तेवीस वर्षांनी मला कोथळीचा अर्थ कळत होता, ठिपक्यांचा अर्थ कळत होता, आणि तू आता काय सांगणार याची मला भीती वाटत होती. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. छताकडे बघत म्हणालीस, "फावी नहीं." तुझा नेहमीचा शब्द, न मानवलेल्या सगळ्याला. तुला पुण्याचं पाणी फावायचं नाही, नवी चप्पल फावायची नाही, तशाच गोळ्या फावल्या नव्हत्या. डॉक्टरने लिहून घेतलं आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. नंतर मी त्याला बाहेर गाठून विचारलं. तो म्हणाला, फक्त गोळ्या सोडल्यामुळेच असं झालं, असं नाही सांगता येत. पण घेतल्या असत्या तर हाडांना नक्की आधार झाला असता.

त्यानंतर तू तीन आठवडे होतीस. मी रोज डबा घेऊन यायचे, तुझी वेणी घालायचे, शेवउसळ हवी म्हणून तू हट्ट करायचीस तर खोटं खोटं रागवायचे. रोज येताना ठरवायचे की आज बोलायचं. मग तू विचारायचीस, आज भाजी काय केलीस, आणि मी भाजीचं सांगत बसायचे. छातीत कफ झाला, ताप चढला, आणि विषय तिथेच राहिला. बाराव्याला ते स्कूटरवाले गृहस्थ काठी टेकत आले होते, बरोबर त्यांची बायको होती. "बहु सीधां माणस हतां अमारां बेन," म्हणाले. आपल्या गावात बेन सगळ्यांनाच म्हणतात. तरी मी त्यांच्यापुढे चहाचा कप धरला तो त्यांच्या तोंडाकडे न बघता.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी एक गंमत सांगितली. तुझ्या काळातल्या त्या गोळ्या पुष्कळदा गाभण घोडीच्या मुतापासून केलेल्या असायच्या. मला हसू आलं. तुझे आजोबा सरकारी पागेत होते, घोडे त्यांच्या हाकेला यायचे, हे तू आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवायचीस. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग हे तर आमच्या घरचंच औषध. तुझ्याशी एवढं एक हसायला मिळायला हवं होतं, असं वाटून मला तिथेच रडू आलं. बाईंना वाटलं, हेही हार्मोनमुळेच. त्यांनी खोक्यातला कागदी रुमाल पुढे केला.

आणि मग तो प्रश्न आला. आईने गोळ्या बंद का केल्या? त्या मराठीत विचारत होत्या, तोवर मीही मराठीतच बोलत होते. खरं उत्तर एका ओळीचं होतं. मी म्हणाले, "फावी नहीं." त्यांनी ते फाईलमध्ये लिहिलं आणि म्हणाल्या, आईला मानवलं नव्हतं तर तुम्हाला जरा कमी मात्रेनेच सुरू करू. गुरुवारी मला पुन्हा जायचंय. सांगून दुरुस्त करता येईल, पण मी करेन असं नाही. हा कागद मी मेथीच्या डब्यामागे ठेवते आहे, जेलची नळीही तिथेच आहे.

आई, तू ते मला वाचवायला बोलली होतीस. मीही मलाच वाचवायला बोलले, आणि गुजरातीतच बोलले.