माई, तुझ्या दारात शांत्या आला होता

प्रिय माईआत्ये,

अण्णा आत्ता दोन घास खाऊन पडलेत, तेवढ्यात लिहून घेते. एरवी असं काही झालं की मी तुला फोन लावायचे. आता कुणाला लावू?

तू श्रावणात गेलीस. इतरांसाठी एकदाच गेलीस. आमच्या घरात मात्र रोज जातेस गं!

संध्याकाळ झाली की अण्णा शर्ट घालतात, केस विंचरतात आणि दारापाशी उभे राहतात. "चल, माईकडे जाऊन येऊ. वाट बघत असेल." पहिल्यांदा मी खरं सांगितलं. "अण्णा, माई गेली ना आपली. तुम्हीच खांदा दिलात." तर भिंत धरून खालीच बसले. "माका कोणी सांगूक कसा नाय?" म्हणत हमसून हमसून रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा शर्ट, पुन्हा कंगवा, पुन्हा तेच रडणं. अगदी ताजं! एका भावाला त्याच्या बहिणीच्या मरणाची बातमी किती वेळा द्यायची, माई?

माझी आई गेल्याचं त्यांना पक्कं आठवतं. तिच्या फोटोला हार घालायला विसरत नाहीत. तुझंच मरण तेवढं त्यांच्या डोक्यात राहत नाही. असं का गं?

मला कारण ठाऊक आहे. आजोबा मिलमध्ये काम करतानाच वारले तेव्हा अण्णा लहान, बाळूकाका तर मांडीवरचा. आजीने लालबागच्या खोलीत खानावळ काढली आणि तू चौथीतून शाळा सोडून तिच्याबरोबर चुलीसमोर बसलीस. गिरणीकामगारांच्या पंगतीवर पंगती उठायच्या आणि तू भाकऱ्या थापत राहायचीस. अण्णांच्या फाटक्या चड्डीला ठिगळ तूच लावायचीस, त्यांना शाळेत ओढत न्यायचीस तूच. लग्न होऊन गिरगावात गेलीस, तरी खोताच्या वाडीतल्या तुझ्या माडीवर तुझ्या शांत्याचं, म्हणजे अण्णांचं, ताट मांडलेलं असायचंच. त्यांना आई होती, पण त्यांना वाढवलंस तू. मग तू मेलेली कशी चालशील त्यांना?

शेवटी मी खोटं बोलायला लागले. माई गावाला गेलीय, आंबे उतरले की येईल. ते ऐकायचे, मान हलवायचे, शर्टाची बटणं काढायचे. मला वाटलं, जमलं.

नाही जमलं. गेल्या मंगळवारी मी आंघोळ करून बाहेर आले, तर दार सताड उघडं आणि अण्णा नाहीत! लिफ्टमध्ये नाहीत, खाली गेटवर नाहीत. ओल्या केसांनी धावले. चिवडा गल्ली पालथी घातली, मार्केटमध्ये प्रत्येक भाजीवाल्याला विचारलं, पुलाखाली झोपलेल्या माणसांची तोंडं बघितली. चौकीत हवालदाराने फोटो मागितला. मोबाइलमध्ये तुझ्या वाढदिवसाचा होता, तुम्ही दोघं खुर्च्यांवर शेजारी शेजारी. तो म्हणाला, "मॅडम, यातलं हरवलंय कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं, "दोघंही."

तेवढ्यात रीटाबायचा फोन आला. तुझ्या खालच्या मजल्यावरची रीटाबाय. "सुजा, तुजे पप्पा इथं जिन्यावर बसलेत. ये लवकर."

टॅक्सी कशी केली, आठवत नाही. स्वतःच्या घराचा मजला ज्यांना सांगता येत नाही, ते लालबागहून तुझ्या वाडीत कसे पोचले? कुलूप लावलेल्या तुझ्या दारासमोर, लाकडी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. हातात मालवणी खाज्याची पुडी. तुझ्यासाठी!

मला बघून म्हणाले, "माईन दार उघडूक नाय. किती हाका मारल्या मी! रागावली काय गो माझ्यार?"

मी पुडी घेतली, त्यांचा हात धरला आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

रीटाबायने आम्हाला खाली नेलं. अण्णांना चहाबरोबर बिस्किट दिलं आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. म्हणाली, "रडून घे. तुजी आत्या पण इथंच रडायची."

"माई? कशाला?"

"तुज्या आजीसाठी. शेवटी ती पण अशीच झाली होती ना! रोज विचारायची, बाळू कधी येणार?"

बाळूकाका बोटीवर खलाशी होता, परमुलखात तापाने गेला, आपल्याकडे नुसती बातमी आली, माणूस आला नाही, एवढं ठाऊक होतं मला. लहानपणी तुझ्याकडे यायचे तेव्हा तुझ्याजवळ राहायला आलेल्या आजीला तू सांगत असायचीस, "बाळू आज कोलंबोक पोचलो. बाळूची बोट आता एडनाक लागली." मला वाटायचं, तुमचा दोघींचा काहीतरी खेळ आहे!

रीटाबाय म्हणाली, "वर हसून सांगायची, नि खाली येऊन इथं नळाशी तोंड धुवायची. वर्षानुवर्षं. कुणाला बोलली नाही."

का नाही बोललीस गं? धाकट्या भावाचं सुतक मनात ठेवून त्यालाच रोज नव्या बंदरात कशी पोचवत होतीस? आजी गेली त्या दिवशी तू इतकी रडलीस, ते कुणासाठी? तिच्यासाठी की तेव्हा कुठे बाळूसाठी रडायला मोकळी झालीस? मला हे असं खोटं घेऊन कसं जगायचं तेवढं तरी शिकवून जायचंस!

रीटाबायकडून परत आलो त्या दिवसापासून अण्णा मलाच माई म्हणतात. पहिल्यांदा मी ओरडले, "अण्णा, मी सुजा!" ते घाबरले, कोपऱ्यात सरकले. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, "काय रे शांत्या?" जन्मात ज्यांना अरेतुरे केलं नाही, त्या बापाला! आणि ते हसले, माई. कितीतरी महिन्यांनी हसले.

आजचंच सांगते. मी ताट वाढलं. म्हणाले, "सुजा खंय गेली गो माई?"

"कामाला गेलीय. येईल."

"ती इल्याशिवाय मी जेवचंय नाय."

किती समजावलं. ओठ घट्ट मिटलेले. शेवटी मी खांद्याला पर्स अडकवून बाहेर गेले, चपला घातल्या, बेल वाजवली, माझ्याच चावीने आत आले. "अण्णा, आले हं मी! बस मिळेना."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या पाठीमागे, उघड्या दाराकडे पाहत म्हणाले, "एकटीच इलंस, माई? पोरगी नाय इली?"

मी पर्स खाली ठेवली, त्यांच्याजवळ बसले आणि तुझ्या आवाजात सांगितलं, सुजा निघालीय, वाटेत आहे. तेव्हा कुठे दोन घास गेले.

तुला शब्द देते, माई. ते आहेत तोवर या घरात तू मरणार नाहीस. अण्णांनी विचारलंच, तर बाळूकाकाही बोटीवरच असेल. आणि सुजाही रोज वाटेतच असेल.

तुझी,
सुजाता