टाकी वाचली त्या दुपारी

चाचा, टाकी चांगली आहे. हे आधी सांगतो, कारण तुम्ही असतात तर माझी खुशाली विचारण्याआधी तिचीच विचारली असती. गाळाचा रंग तांबूस तपकिरी आहे, वास ओल्या मातीसारखा आहे, फेस थोडाच आहे. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा पट्टा बदलायला झाला आहे, तो मी दोनदा लेखी मागितला आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुमच्या खुर्चीवर आता मी बसतो, म्हणजे बसत नाही, उभाच असतो. बसलो की काहीतरी बिघडेल असं वाटत राहतं.

मी तुमच्या हाताखाली आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. वडील परभणीकडून थेरगावात येऊन वेल्डिंगची कामं करत होते आणि मी बारावी विज्ञान अर्ध्यात सोडलं होतं. चाकणच्या एका कंपनीत सांडपाण्याच्या प्लांटवर माणूस हवा आहे, एवढंच कळलं होतं. मला ते गटारसफाईसारखं काम वाटलं होतं. पहिल्याच दिवशी तुम्ही मला त्या मोठ्या उघड्या टाकीच्या कठड्याशी नेलंत. खाली चहाच्या रंगाचं पाणी हवेच्या झोतानं खदखदत होतं. तुम्ही म्हणालात, "ही आपली जनावरं. कंपनीची सगळी घाण हितं येती, ही खात्यात, अन् पाणी साफ व्हतं. आपण निस्ते गुराखी." मी हसलो नाही, पण मनात आलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे. मग तुम्ही लॅबमधल्या जुन्या मायक्रोस्कोपखाली एक थेंब ठेवलात आणि मला वाकायला सांगितलंत.

तो थेंब मला अजून दिसतो. देठावर उभी असलेली, धक्का लागला की स्प्रिंगसारखी आखडणारी ती घंटी. डोक्यावर दोन पंखे फिरवत गाळ ओढून घेणारा तो पंखेवाला. सपाट, घाईघाईनं सरकणारी चप्पल. क्वचित कधी आठ पायांचं, डुलत चालणारं अस्वल. ही सगळी तुमचीच नावं. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले, पण एका दोनशे पानी वहीत तुम्ही प्रत्येकाचं पेन्सिलनं चित्र काढून ठेवलं होतं, आणि ती चित्रं इतकी नेमकी होती की मी रद्दीतून एक जुनं जीवशास्त्राचं पुस्तक आणून ताडून पाहिली तर एकही चुकलेली नव्हती. पुस्तकातली नावं मी तुमच्या चित्रांखाली सुवाच्य अक्षरात लिहिली, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून. तुम्ही ती वही पुढे मलाच दिलीत. म्हणालात, मी नुसता ओळखतो, नाव तुला लिहिता येतं, तर वही तुझी. तेव्हापासून तुम्ही मला मास्तर म्हणू लागलात, आणि कँटीनमध्येही तेच नाव पडलं. चेष्टा होती, पण मला त्याआधी कुणी कसलंच नाव दिलं नव्हतं.

मी थेंबातले जीव मोजायचो. घंट्या इतक्या, पंखेवाले इतके, आणि काल इतके होते. तुम्ही दोन दिवस बघितलंत आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हातातलं पेन काढून घेतलंत. "किती हायेत ते मोजू नको, मास्तर. किती जातीची हायेत ते बघ." मग समजावून सांगितलंत की एक जे खाऊन बाहेर टाकतं ते दुसरं खातं, दुसऱ्याला तिसरं, म्हणून विषाचा थोडाफार धक्का बसला तरी कुणीतरी तग धरतं आणि बाकीच्यांना परत उभं करतं. पण एकच जात माजली, ती दोऱ्यांसारखी लांब वाढणारी, की टाकी भरलेली दिसते, जीव कोटींनी असतात, आणि तरी गाळ खाली बसत नाही, पाणी गढूळच बाहेर जातं. गर्दी म्हणजे तब्येत नव्हे, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला कंपनीच्या मागच्या ओढ्यावर न्यायचात. आपलं साफ झालेलं पाणी तिथंच जातं आणि पुढे नदीला मिळतं. तुम्ही कासारवाडीहून सकाळी डबा घेऊन यायचात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरायचात आणि एकेक दगड उलटा करायचात. दगडाखाली चतुराची अळी, गोगलगायी, काडीकचऱ्याचं घर अंगावर घेऊन फिरणारा एक किडा, लहान खेकडे. वाळूत मुरा हा बोटाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा, सावली पडली की घुसायचा. हीच खरी टाकी, तुम्ही म्हणायचात, आपली ती नक्कल. दगड मात्र होता तसाच परत ठेवायला लावायचात. एकदा मी घाईत उलटाच ठेवला तर तुम्ही डबा सोडून उठलात आणि स्वतः जाऊन तो सुलटा केलात. मला काही बोलला नाहीत, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बोललात ते एकदाच. मी न घेतलेलं पाण्याचं एक रीडिंग रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, आधीच्या दिवसाशी जुळेल असं, सुंदर अक्षरात. तुम्ही पान वाचलंत, माझ्याकडे पाहिलंत. "अक्षर चांगलं हाय म्हणून खोटं खरं व्हत न्हाई." एवढंच. मग तुम्ही स्वतः जिना चढून टाकीवर गेलात, पाणी घेऊन आलात आणि माझ्यासमोर रीडिंग घेतलंत. ते मी लिहिलं होतं त्याच्या अगदी जवळचं निघालं. त्यानं तुमचा राग कमी झाला नाही.

आणि तो आठवडा, जेव्हा तुम्ही टाकी मारलीत. मी तसंच म्हणतो, कारण ऑफिसात तेच म्हणत होते. प्लेटिंग विभागाकडून न कळवता ॲसिड आलं होतं, साठवणीची टाकी आधीच भरलेली होती. दोनच वाटा होत्या: ते पाणी आपल्या टाकीत घ्यायचं, नाहीतर बायपासचा व्हॉल्व्ह उघडून सरळ ओढ्यात सोडायचं. तुम्ही बायपासला कुलूप लावलंत, किल्ली खिशात टाकलीत आणि सगळं टाकीत घेतलंत. दुसऱ्या दिवशी टाकी राखेच्या रंगाची झाली होती. थेंबात काहीच हलत नव्हतं, घंट्यांचे नुसते देठ उरले होते. मी रडवेला झालो होतो. उत्पादन बंद राहिलं, तुम्हाला सगळ्यांसमोर वाटेल ते बोललं गेलं आणि सुपरवायझरची जागा काढून घेतली गेली. तुम्ही चिखलीतल्या एका गोठ्यातून शेण आणलंत, भोसरीच्या दुसऱ्या प्लांटवरून कॅनमध्ये गाळ आणलात, आणि रोज थेंब बघत राहिलात. अठराव्या दिवशी तुम्ही मला हाक मारलीत. काचेखाली एकच घंटी होती, आखडत होती, उघडत होती. मी विचारलं की चाचा, व्हॉल्व्ह उघडला असता तर हे सगळं वाचलं नसतं का. तुम्ही काचेवरून डोळा न काढता म्हणालात, "टाकीसाठी बी कुठनं आणायचं ते मला ठावं हाय. वढ्यासाठी कुठनं आणू?"

त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेलात. मी कब्रस्तानात आलो होतो, मूठभर माती मीही घातली. तुम्हाला ठाऊक नसेल.

आता मी तुमच्या नजरेनं बघतो आणि ती नजर मला मिटता येत नाही. थेरगावात पुलावरून जाताना पवना नदी हिरवीगार दिसते; एकच वनस्पती, जलपर्णी, या काठापासून त्या काठापर्यंत. आमच्या इमारतीवर शेकडो पक्षी आहेत आणि सगळी कबुतरं आहेत. कंपनीनं पुढच्या बाजूचा गवताळ माळ काढून लॉन केलं आहे. पूर्वी तिथं टिटवी अंडी घालायची, आता एकाच जातीचं गवत आणि एकाच जातीची शोभेची झाडं, रांगेत. लोक म्हणतात किती हिरवं झालं. मी मनात जाती मोजतो आणि एकावर थांबतो. ताथवड्याला बहिणीकडे गेलो तरी गॅलरीत उभा राहून तेच करतो. ती म्हणते, दादा, जरा बस की, सारखा काय शोधतोस.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये, पहिल्या शिफ्टच्या शेवटी, तेच झालं. पेंट शॉपनं ॲसिडची अख्खी टाकी धुऊन सोडली. आम्लता दाखवणारा पीएचचा कागद लालभडक. चुन्याचा पंप बंद पडलेला, साठवण काठोकाठ. मी हातानं चुन्याच्या दोन गोण्या ओतल्या, कागद लालच. साहेबांना फोन केला, लाइन थांबवा म्हणालो. साहेब म्हणाले, गुरुवारी बाहेरची माणसं बघायला येणार आहेत, लाइन थांबणार नाही आणि प्लांटही बंद दिसता कामा नये. "तुझा प्लांट आहे, तू बघ." आणि फोन ठेवला. मला काय करायला हवं होतं ते तुम्ही करून दाखवलं होतं. मी टाकीकडे पाहिलं. सकाळीच मी थेंब पाहिला होता. खूप दिवसांनी अस्वल दिसलं होतं. मी बायपास उघडला. चाळीस मिनिटं. रजिस्टरमध्ये त्या वेळेसमोर 'सर्व काही सुरळीत' लिहिलं. 'सुरळीत'मधला सु ऱ्हस्व असतो आणि ळी दीर्घ, ते मी त्याही वेळी बरोबर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी मेथी-कोथिंबीर करणाऱ्या मावशी गेटवर आल्या. त्या गावातल्याच, तुमच्याशी पाण्यात उभं राहून गप्पा मारायच्या. त्यांच्या घमेल्यात मासे होते. बहुतेक मुरेच, पोटं वर, आणि तीन-चार खेकडे. वॉचमन त्यांना हाकलत होता, मी पुढे झालो.

"तुमच्याकडनं काय सुटलं का रं पाणी?"

"नाही मावशी. आमचा प्लांट व्यवस्थित चालू आहे. वरच्या बाजूला पुष्कळ कंपन्या आहेत."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "त्या चाच्याच्या हाताखालचा तू. तू म्हंतोस तर न्हाई सुटलं." आणि घमेलं डोक्यावर घेऊन त्या दुसऱ्या कंपनीच्या गेटकडे गेल्या. तिथं त्या कुणाशी भांडल्या, मला लांबून ऐकू येत होतं. माझ्या वाटचं भांडण होतं ते.

त्यानंतर मी दर सुट्टीला ओढ्यावर गेलो. पावसाळा गेला, ओढा भरून वाहिला, धुऊन निघाला असेल असं वाटलं. दगड उलटले. प्रत्येक दगडाखाली लाल अळ्या, वळवळणाऱ्या, शेकड्यांनी, आणि दुसरं काहीही नाही. तो ओढा मी एकट्यानं मारला असं नाही, हे मला कळतं. वरून मैल्याचं पाणी येतं, बाकीच्यांचंही येतं, दर वर्षी एखादी जात कमी होत होतीच. पण उरलेलं जे होतं ते त्या चाळीस मिनिटांत गेलं. दिवाळीनंतर मी एस.टी.नं पार नदीवरच्या धरणाच्या वरच्या अंगाला गेलो, धोतराच्या फडक्यानं अकरा मुरे धरले, कॅनमधून मांडीवर घेऊन आलो आणि ओढ्यात सोडले. सोडताना मला अठराव्या दिवसाची ती घंटी आठवत होती. दुसऱ्या सकाळी नऊ मेलेले सापडले. दोन सापडले नाहीत, त्यावर मी महिनाभर आशा धरली. तुम्ही बरोबर होतात: बी मिळालं तरी पेरायला पाणीच उरलेलं नाही. आणि जिथं ते सुखानं होते तिथूनही अकरा मी कमी केले.

गुरुवारी आलेल्या माणसांनी प्लांट बघितला. मी त्यांना थेंब दाखवला, घंटी, पंखेवाला, अस्वल. एक बाई तर मोबाइलनं फोटो काढत बसल्या. पुढे पर्यावरणाच्या कार्यक्रमात मला शाल दिली आणि जैवविविधतेवर चार शब्द बोलायला सांगितलं. 'किती जाती ते बघा' हे तुमचं वाक्य मी माझं म्हणून बोललो. टाळ्या पडल्या. मग सगळ्यांनी मिळून लॉनवर एकाच जातीची रोपं लावली.

हे सगळं प्रदूषण खात्याच्या ज्या कार्यालयाला लिहायला हवं त्याचा पत्ता मला पिनकोडसकट पाठ आहे. आज सुट्टी होती, कोरे कागद घेऊन मी तोच अर्ज लिहायला बसलो होतो. 'महोदय' लिहिलं, विषय लिहिला, आणि पुढे हात चालेना. नोकरी जाईल ही भीती आहे, ती नाकारत नाही. पण मावशींना कळेल याची जास्त आहे. म्हणून कागद बदलला आणि तुम्हाला लिहायला घेतलं, कारण तुम्ही कुणाला दाखवणार नाही. हे पत्र तुमच्या मुलाच्या गॅरेजवर नेऊन द्यावं असंही क्षणभर वाटलं. नाही देणार.

कालचं एक राहिलं. सकाळी आठला नेहमीसारखा थेंब ठेवला. नऊ जाती होत्या, चाचा. तुमच्या वेळीही कधी सातच्या वर गेल्या नव्हत्या. मी त्या पुन्हा एकदा तपासल्या. आणि मला आनंद झाला.