कोपऱ्यातल्या मडक्याला पाणी कोण घालतं?

सोमवार, ता. २० सप्टेंबर १९४३. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.
माझ्या परवानगीशिवाय कोणीतरी माझ्या मडक्याला पाणी घातलं आहे. वेळ मुद्दाम नोंदवून ठेवते. पुढे उपयोगी पडेल.

लढाईमुळे नांदेडच्या बाजारात धड भाजी मिळत नाही आणि माझ्या अंगणात फरशी. म्हणून कुंभाराने टाकून दिलेली कानतुटकी मडकी आणली, माती भरून मेथी पेरली आणि ओसरीच्या आढ्याला टांगली. प्रत्येक मडक्यावर एक लहान लोटकं. लोटक्याच्या बुडाला भोक, भोकात कापसाची वात, म्हणजे पाणी थेंबथेंब मेथीवर पडतं. कल्पना संपूर्ण माझी. टांगायला दोऱ्या इंदूच्या जुन्या लुगड्यांच्या. इंदू म्हणजे माझी धाकटी बहीण. चैत्रात गेली. लुगडी पेटीत कसरीने खाण्यापेक्षा हे बरं. हिरवं तेवढं फाडलं नाही. ते मजबूत आहे, म्हणून अख्खंच पिळून कोपऱ्यातल्या मडक्याला वापरलं.

आज त्याच मडक्यावरचं लोटकं काठोकाठ भरलेलं. मी भरलेलं नाही.

मंगळवार, ता. २१.
नवं टाइमटेबल. पहाटे पाचला उठून पाणी मीच घालायचं, म्हणजे लबाडाला संधीच नाही. उठले आठला. लोटकं भरलेलं.

शुक्रवार, ता. २४.
दूधवाला सटवाजी दूध फाटकाबाहेर ठेवून पळाला. हाक मारली तर मागे न बघता. शेजारच्या नीलाबाईला विचारलं. ती पदराशी चाळा करत बोलली.
"बाई, भोकाचं मडकं, त्यात वात. असं मेल्या मानसासाठी पिंपळाला बांधतेत, त्याला पानी मिळावं म्हनून. तुम्ही ऐन पितरपाठात घरालाच बांधून राह्यल्या. लोकं म्हनतेत, बाईनं इंदूताईला वापस बोलवलं."
तिला सांगितलं की हे उद्यानशास्त्र आहे. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर म्हणत, भूत एकच, पवित्र, म्हणजे होली घोस्ट. बाकीची सगळी अपचनाची. इंदूच्या वेळी भाचा माधवराव पिंपळाला घट बांधायला निघाला होता, तेव्हाही मी साफ नकार दिला. आयुष्यभर मुलींना हायजीन शिकवलेली हेडमिस्ट्रेस मी, झाडाला मडकी बांधू देईन? तो रागाने उदगीरला गेला तो पुन्हा आला नाही. माझं काही अडलेलं नाही.
नीलाबाई जाता जाता म्हणाली, "मग तवा तहानलेलीच गेली म्हना इंदूताई."
अडाणी बाई. जेवण गेलं नाही. गवार जून होती.

सोमवार, ता. २७.
बाकी मडक्यांतल्या मेथीने माना टाकल्या. बियाणं खोटं होतं. कोपऱ्यातली मात्र हिरवीगार. बियाणं तेच. विचार केला नाही.
त्या मडक्याखाली इंदूची खुर्ची असते. आत नेऊन ठेवली.

मंगळवार, ता. २८.
खुर्ची पुन्हा ओसरीवर. या घरात डिसिप्लिन उरलेली नाही.

गुरुवार, ता. ३०.
काल झोपताना ओसरीवर चुलीची राख पसरली. सकाळी राखेत पावलं उमटलेली. उजवं पाऊल घासत गेलेलं. निष्कर्ष: चोर बाई आहे आणि तिला संधिवात आहे. माझाही उजवा गुडघा धरतो, हा योगायोग. नीलाबाईला काहीतरी निमित्त काढून फाटकापर्यंत चालायला लावलं. तरातरा गेली.
माझ्या लुगड्याचा काठ ओला आणि राखेने मळलेला. मोरीत राख कशी येते ते बघितलं पाहिजे.

रविवार, ता. ३ ऑक्टोबर.
निर्णय झाला. सगळी मडकी उतरवायची. उतरवली. कोपऱ्यातलं राहिलं, हिरव्या लुगड्याची गाठ सुटेना. कात्री होती, पण ती शिवणाची.
वारा नव्हता. मडकं हलत होतं. मीच धक्का दिला असणार.

शुक्रवार, ता. ८.
नीलाबाई पणती घेऊन आली आणि न विचारता कोपऱ्यात लावली. मी रागावले. ती शांतपणे म्हणाली, "बाई, पानी तुम्हीच घालता. पहाटं मी आडावर असते, रोज बघते."
म्हटलं, अशक्य. त्या वेळी मी झोपेत असते.
"झोपेतच असता. खुर्चीपाशी उभ्या राहून बोलून राह्यलेल्या असता. 'पुरे का गं? अजून घालू?' म्हनता."
तिची नजर अधू आहे, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. मग सहज विचारलं, उत्तर काय येतं?
नीलाबाईने वात सारखी केली.
"उत्तर न्हाई येत, बाई."

गुरुवार, ता. १४.
मेथी खुडायला आली. दोघींपुरती आहे.
पाणी मी घालते, हे मी मान्य केलेलं नाही. तरीही प्रकरण असं लोंबकळत ठेवणं माझ्या स्वभावात नाही. कोपऱ्यातल्या मडक्याला नोटीस लावली आहे. ती अशी:
इंदू, पाणी पुरतं की नाही, आणि मेथी लसणाची करू की डाळीतली, हे लेखी कळवावं. तोंडी उत्तर चालणार नाही. त्या वेळी मी झोपेत असते, मला ऐकू येत नाही. पेन्सिल दोरीला बांधली आहे. मुदत रविवार, ता. १७, दुपारी बारापर्यंत. तोवर एक पानही खुडणार नाही.